निकालाचा रविवार

शिरीनच्या अब्बांचं आरमोरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पण घरी स्वतःचा रेडिओ नव्हता. दर रविवारी विज्ञानाचा कार्यक्रम ती दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी रेडिओवर ऐकायची. आज त्यात प्रयोग-स्पर्धेचा निकाल होता. झाडंही रात्री श्वास सोडतात, हे चुन्याच्या निवळीने सिद्ध करून तिने तो प्रयोग पोस्टकार्डावर लिहून पाठवला होता.

दुकान उघडलं, तर फळी रिकामी.

"अब्बा, एकही रेडिओ नाई?"

"काल बाजार होता बेटा. सारे घेऊन गेले."

"एक तरी ठेवून घ्यायचा ना!"

"चांगला झालेला रेडिओ कोणत्या तोंडानं ठेवू?"

रडू आवरत ती रस्त्यावर आली आणि थबकली. कार्यक्रमाची धून समोरच्या शिंप्याच्या दुकानातून येत होती. चहाच्या टपरीतूनही. पलीकडच्या सलूनमधूनही. मग निवेदिकेचा आवाज एकदमच साऱ्या रस्त्यावर उमटला, "पहिला क्रमांक, शिरीन शेख, आरमोरी."

शिंपी धनराजभाऊ हातातल्या कैचीसकट धावत बाहेर आले आणि त्यांनी अब्बांना हाक मारली. "ओ नवाबभाऊ, आपली शिरीन पयली आली!"

शिरीन धावत त्यांच्याजवळ गेली. "धनराजभाऊ, तुमी हा कार्यक्रम कवापासून ऐकून राह्यले?"

"आता घ्या! रेडिओ न्यायले आलो का तू म्हणे, कार्यक्रम संपू द्या, मंग न्या. बसून बसून साऱ्या गल्लीले नाद लावला ना वं तू!"