शेपटीकडचे पट्टे

न्हाणीच्या दगडावर पट्ट्यापट्ट्यांचं जनावर वेटोळं घालून बसलं होतं. दिराने काठी उगारली, तशी शेवंता चुलीपुढून उठून धावत आली आणि थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी, थांबा. मला बघू द्या."

"त्यात बघायचं काय? मण्यार आहे!"

तिने पदर खोचला आणि चार हात अंतरावर उकिडवी बसली. जनावर जरा हललं, तसा दीर मागे सरला. ती जागची हलली नाही. वर्षभर दर बाजाराच्या दिवशी ती सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरच्या सापांच्या तक्त्यापुढे उभी राहत आली होती. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात, हे तिला आता झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

वेटोळं सुटून शेपटी नीट दिसेपर्यंत तिने पापणी लवू दिली नाही.

"कवड्या आहे. विष नाही त्याला. जाऊ द्या."

काठी खाली आली नाही. "वहिनी, आईच्या अंथरुणाजवळ निघालं, तेव्हाही तुम्ही कवड्याच म्हणाला होतात. त्याच रात्री ते तिला चावलं."

शेवंताचा चेहरा पांढराफटक पडला, पण मान खाली गेली नाही. तिने काठीचं टोक धरलं आणि हळूहळू जमिनीला टेकवलं.

"तेव्हा मी दारातूनच बोलले होते, भाऊजी. शेपटी बघितली नव्हती."