कुदळीचं एक मत

"छत्रीला सहाशे बेचाळीस. कुदळीला एक," पक्षाचा कार्यकर्ता असलेल्या दयानंदनं पारावर कागद वाचला.



आमदार रविकांतसाहेब सत्तर हजारांनी निवडून आले होते. पण ते एक मत त्यांच्याच गावातलं होतं. तीस वर्षं साहेबांची निशाणी कुदळ, मशीनवर कायम पहिलंच बटन. दिवाळीत ते छत्रीवाल्या पक्षात गेले, दुसऱ्या दिवशी गावही गेलं. राज्यात तसा दुसरा पक्ष उरलाच नव्हता. कुदळीला नायगाव मतदारसंघात उमेदवार मिळेना, शेवटी लातूरहून एक आणला.

कुणाचा हात चुकू नये म्हणून दयानंदनं डमी मशीनवर घरटी दोनदा सराव घेतला होता. आंधळ्या साखराबाईचासुद्धा. साहेब तेवढे राहिले. साहेबांना काय शिकवायचं?

"कोण हाय, सांगून टाका. मी काय खातो का?" साहेब म्हणाले.

मग शपथेसाठी देवळातून बेलभंडारा आणला. पहिला साहेबांनीच उचलला. "छत्री सोडून दुसऱ्याला दिलं असंल तर माझा वंश बुडो." मागोमाग सगळ्यांनी उचलला.

पंचशीला शाळेत खिचडी शिजवायची. गावात बौद्धांचं तिचं एकच घर. पाळी आली तशी ती म्हणाली, "मी छत्रीलाच दिलंय, दादा. पण आमच्यात बेलभंडारा उचलत न्हाईत."

"उचलत न्हाईत का उचलवत न्हाई?" सरपंच लिंबाजीनं विचारलं. लोक हसले.

"बाबासाहेबांची शपथ घेते की."

"ती इथं चालत न्हाई," दयानंद म्हणाला.

सोमवारी खिचडी लिंबाजीच्या सुनेनं शिजवली. पंचशीलाच्या दारातला नळही त्याच दिवशी बंद झाला.

चार महिन्यांनी जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. साहेब पुन्हा पारावर बसले. पंचशीला समोर येऊन हात जोडून उभी राहिली.

"साहेब, कामावर घ्या. लेकरं उपाशी मरायलीत."

साहेबांनी फोटोवाल्याला जवळ बोलावलं. "माफ केलं, बाई. हात चुकतो माणसाचा. दयानंद, ते मशीन आण. कसं दाबायचं ते मीच दावतो हिला."

टाळ्या पडल्या. साहेब फोटोवाल्याकडं बघून हसले आणि न बघताच, सवयीनं, बटन दाबलं.

मशीन वाजलं. लाल दिवा कुदळीसमोर लागला.