तपासनीस येणार नाही

नॉर्थ डकोटातल्या त्या गावात एकच बँक, आणि ती चालवणाऱ्या नॉर्बर्टनं तीस वर्षांत कुणालाही तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. मेहुण्याला शहामृग पाळायला कर्ज हवं होतं, तेव्हाही तो हळहळून म्हणाला होता, "मी तर आज दिलं असतं रे, पण दर वर्षी तो सरकारी तपासनीस येऊन बसतो ना उरावर!" गावकरी तपासनिसाला चार शिव्या घालत आणि नॉर्बर्टशी हात मिळवून घरी जात.

सोमवारी तोच मेहुणा, ड्वेन, पेपर नाचवत आत आला.

"दाजी, वाचलंत का? छोट्या बँकांची तपासणी आता दीड वर्षानं! यंदा तुमच्या उरावर कुणी नाही. बोलिंगचा हॉल काढतोय, करा कर्ज मंजूर."

नॉर्बर्टनं खिडकीबाहेर पाहिलं. तपासनिसाची करडी गाडी उभी राहायची ती जागा रिकामी होती. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नाही, ड्वेन. चारशे माणसांच्या गावात बोलिंग खेळणार कोण? आणि शहामृगांनाही मीच नाही म्हटलं होतं. तपासनिसाला त्यातलं काही ठाऊकसुद्धा नव्हतं."

ड्वेननं सावकाश पेपरची घडी घातली.

"ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे, दाजी. हॉलबिल काही नाही. कॅफेत पैज लागली होती. यंदा तुम्ही स्वतःच्या तोंडानं नाही म्हणाल, असं म्हणणारा मी एकटाच होतो."