जुन्या तारखेचं खोकं

“लिहून द्या,” खिडकीपलीकडचा अधिकारी म्हणाला.

तिने चौथ्यांदा लिहून दिलं. खोक्यात कानाची चाळीस यंत्रं होती, परदेशातून मागवलेली. तिचं छोटं दुकान होतं. वीस वर्षं ती लोकांचे कान तपासून त्यांना यंत्रं बसवून देत होती. खोकं बंदराच्या गोदामात येऊन सहा आठवडे झाले होते. पाच वर्षांच्या एका मुलीची आई रोज दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसे, हिचं तोंड बघे आणि काही न विचारता उठून जाई. ते न विचारणंच हिला जास्त बोचे.

सगळा घोळ झाला होता तो सोपेपणामुळे. सरकारने व्यापार खुला करायचं ठरवलं. पूर्वी नऊ कागद लागत. ते पहिल्या तारखेपासून रद्द झाले आणि संगणकावर एकच अर्ज आला. हिचं खोकं आलं होतं आदल्या संध्याकाळी. जुन्या कागदांवर सही करायचा अधिकार आता कुणालाच नव्हता, आणि संगणक जुन्या तारखेचं खोकं ओळखायला तयार नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

नियमांचं एक वेळ तिने समजून घेतलं असतं. पण हा माणूस! सही कुणाची लागेल असं विचारलं, तर खिडकी पाचला बंद होते म्हणाला. वरच्या साहेबांना कधी भेटता येईल म्हटलं, तर कोरा कागद पुढे सरकवला. ती बोलत असताना तिच्या डोळ्यांकडे न बघता नुसता तोंडाकडे टक लावून बघत राहायचा. कोडगेपणाला काही सीमा?

आज तिचा कागद घेऊन तो पाठमोरा झाला, मागच्या कपाटात फायली लावू लागला, आणि तिचा तोल गेला.

“साहेब, त्या पोरीची शाळा सोमवारी सुरू होतेय. वर्गात तिला काही ऐकू यायला नको का?”

त्याने मानही वळवली नाही. मग ती थांबली नाही. दगडालासुद्धा पाझर फुटतो, तुम्ही त्याहून वाईट, असं सगळ्या रांगेदेखत बोलून गेली. तो शांतपणे फायली लावत राहिला.

शेजारच्या टेबलावरची कारकून बाई उठून खिडकीशी आली.

“ताई, त्यांच्याशी समोरून बोलावं लागतं. दोन्ही कान गेलेत त्यांचे, वर्ष झालं. त्यांचं यंत्रही गोदामातच अडकलंय, तुमच्या खोक्यासारखंच जुन्या तारखेचं. ते सोडवायच्या स्वतःच्या अर्जावर ‘नामंजूर’ असं त्यांनीच लिहिलंय.”