घोरतानाचा फोटो

आटपाडीच्या जोतीरामनं बायको सुलाबाई तोंड उघडून घोरत असतानाचा फोटो काढला आणि सगळ्या भावकीला हसत हसत दाखवला. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन हरवला. सगळं शिवार पालथं घातलं, तरी सापडला नाही.

"जाऊ द्या आवं, नशिबात नव्हता," सुलाबाईनं समजूत काढली.

रविवारी शिरवळहून मुलगा अमृत नवा फोन घेऊन आला. "फोटो कुठं जात न्हाईत आबा. काढला की आपसूक क्लाऊडवर जातो, म्हंजे कंपनीच्या कॉम्प्युटरवर," असं म्हणत त्यानं सगळे फोटो परत आणले. जोतीरामनं घाईनं घोरतानाचा फोटो शोधला. त्याच्या पुढं आणखी एक फोटो होता, जो त्यानं काढलाच नव्हता.



चुकून बोट लागून निघालेल्या त्या फोटोत सुलाबाईचा रागानं लाल झालेला चेहरा होता, आणि तिच्या मागं विहीर.