पौर्णिमेची सिगारेट

तिएनच्या फोटोपुढच्या उदबत्त्यांमध्ये आजही कुणीतरी सिगारेट पेटवून खोचली होती. शेजारी सोललेलं पपनस. थोआ बघतच राहिली. गेलेल्या पुरुषाला सिगारेट दाखवतात खरी, पण ती घरच्या माणसाने.

हनोईच्या मोठ्या तळ्याकाठी हा जुना विहार. मृतांचे फोटो इथले भिक्षू ठेवून घेतात, त्यांच्यासाठी पाठ म्हणतात. नवरा तिएन गेल्यावर थोआनेही त्याचा फोटो इथेच आणून ठेवला. मुलगी दूर सायगॉनला. रिकामं घर थोआला खायला उठायचं, म्हणून दर पौर्णिमेच्या दुपारी ती इथे यायची. आणि हल्ली दर वेळी तिच्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं असायचं.

"येते ना एक बाई सकाळी," दारातली फुलवाली म्हणाली. "तुमच्याच फोटोपुढे बसते. गप्पा काय, लाजणं काय! तुम्हाला ठाऊक नाही होय, ताई?"

थोआला ठाऊक नव्हतं. तिएन रेल्वेत गार्ड होता, अर्धं आयुष्य बाहेरगावी. सिगारेटला तिने घरात कधी थारा दिला नव्हता. मग कुणी दिला? जिवंत असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

पुढच्या पौर्णिमेला ती उजाडताच निघाली. संशय खरा निघाला तर या फोटोला शेवटचा नमस्कार, पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

बाई बसलेली होती. थोआहून वयाने मोठी, केस नीटनेटके विंचरलेले.

"अहो, संत्री फार महागलीत," ती फोटोला सांगत होती. "आजही पपनसच गोड मानून घ्या."

थोआ पुढे झाली. "कधीपासूनची ओळख?"

बाई दचकली. मग ओशाळून हसली. "झाले की बरेच दिवस. तुम्ही कोण?"

"मी यांची बायको."

बाईचं हसू मावळलं. तिने घाईघाईने सिगारेट विझवली. "रागावू नका हो. चुकलंच माझं."

"तुमच्या घरी यायचे?"

"घरी?" बाई गोंधळली. "माझे यजमान लढाईवर गेले ते गेलेच. ना देह आला, ना कधी फोटो काढलेला. बोलायचं तर समोर चेहरा तरी हवा ना? सकाळी यांच्यापाशी कुणीच नसायचं." तिने फोटोकडे पाहिलं. "नाव काय हो यांचं?"