आगाऊ हप्ते

“मोजणीत धरलेले हप्ते पन्नास,” फोनवरची कारकून बाई म्हणाली.

“एकशेवीस असायला हवेत,” मॅरिबेथ कुचेरा म्हणाली. “दहा वर्षं झाली, मॅडम. एकही महिना चुकला नाही.”

“चुकला नाही, हे खरंय. उलट तुमच्या खात्यात जास्तच भरणा झालाय.”

मॅरिबेथ मोंटानाच्या पूर्व टोकाला जिल्हा आरोग्य कार्यालयात परिचारिका होती. सार्वजनिक सेवेत राहून दहा वर्षे, म्हणजे एकशेवीस हप्ते, नियमाने भरले की शिक्षणाचे उरलेले कर्ज सरकार माफ करी. त्या एका आशेवर तिने दहा हिवाळे बर्फातून गाडी हाकीत बाळंतिणींची घरे गाठली होती. आयोवातल्या तिच्या गावी रुग्णालय एकच होते आणि ते एका कंपनीचे होते. तिथली सेवा या नियमात बसत नव्हती. म्हणून एकोणऐंशी वर्षांचे वडील तिकडे एकटे होते आणि एकुलती मुलगी इकडे. दहा वर्षे पुरी झाली की घरी येईन, असे तिने त्यांना वचन दिले होते.

दारातून कार्यालयप्रमुख वांडाने डोके आत घातले. “आटप गं लवकर! तुरुंगातून सुटणाऱ्यालाही कुणी केक आणत नाही. तुझ्यासाठी आणलाय, तर लसवाल्यांनी आत्ताच अर्धा फस्त केलाय.”

मॅरिबेथने हात उंचावून तिला थांबवले. वांडा हसत निघून गेली.

“दर नोव्हेंबरला एक वेगळा चेक येतो,” कारकून बाई सांगू लागली. “त्यातून पुढच्या सात महिन्यांचे हप्ते आगाऊ भरले जातात. मग त्या सात महिन्यांत तुमचं काही देणंच उरत नाही. तुमच्या बँकेतून पैसे येत राहतात, ते जमाही होतात. पण देणं नसताना भरलेला हप्ता मोजणीत धरत नाहीत.”

“असा चेक मी कधीच पाठवला नाही.”

“सही व्ही. कुचेरा यांची आहे.”

व्हर्नन कुचेरा. तिचे वडील.

कर्जाची पत्रे त्यांच्याच पत्त्यावर जात. व्याजाने फुगत चाललेला तो आकडा पाहण्याचे धैर्य तिला कधी झाले नव्हते. ‘उघडू नको, बाबा, खणात टाकून दे,’ असे तिनेच त्यांना सांगितले होते. दहा वर्षांत त्यांतले एक जरी पत्र तिने स्वतः वाचले असते, तर ही चूक पहिल्याच वर्षी थांबली असती. हा दोष आपलाच, हे तिने त्या क्षणी ओळखले.

“हे दुरुस्त होईल?”

“तक्रार नोंदवा. पण मी आशा लावणार नाही. अजून सत्तर हप्ते धरून चला.”

सत्तर हप्ते म्हणजे जवळजवळ सहा वर्षे. नोकरी सोडून जावे, तर घेतले होते त्याहून मोठे झालेले कर्ज जन्मभर मानेवर राहणार होते.

“चेकच्या कोपऱ्यात कारण लिहायची जागा असते,” तिने विचारले. “तिथं काही लिहिलंय?”

थोडा वेळ कळफलकाचा आवाज आला. मग त्या बाईचा स्वर खाली उतरला. “हो. दर वर्षी तेच आहे. ‘पोर लवकर घरी यावी म्हणून.’”

मॅरिबेथने फोन ठेवला. सत्तरीला टेकलेले वडील शाळेची बस का चालवू लागले, हे तिला आज कळले. ‘घरात बसून गंजतो गं,’ असे ते म्हणत आणि ती त्यांची थट्टा करी. सरकारच्या माफीवर त्यांचा विश्वास नव्हता. देणे फेडले की माणूस सुटतो, एवढेच त्यांना ठाऊक होते.

तिने घरचा क्रमांक लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला.

“काय गं, सुटलीस का? ऐक, तुझ्या खोलीला रंग दिलाय. दुकानदार म्हणे लोण्याचा रंग. भिंतीवर लावला तर मोहरी निघाली! आल्यावर शिव्या दे मला.”

खरे सांगितले, तर दुखऱ्या गुडघ्यांनी काढलेल्या त्या साऱ्या हिवाळ्यांचे फळ त्यांना कळणार होते. काहीच न सांगितले, तर याही नोव्हेंबरला चेक निघणार होता. दोन्ही टाळणारे उत्तर एकच होते.

“माफ झालं, बाबा. सगळं.”

“सगळं?” खुर्ची करकरल्याचा आवाज आला. ते बसले असावेत. “देवा! मग उद्याच बसच्या किल्ल्या देऊन टाकतो. बोल, कधी निघतेस? नाताळाच्या आत ये. पुढं रस्ते बंद होतात.”

“बाबा,” ती म्हणाली. “मी इथंच राहीन म्हणते. इथलं काम मला आवडतं. इथली माणसंही.”



“असं होय,” ते हळूच म्हणाले. “आणि मी वेडा, दहा वर्षं त्या कर्जालाच दोष देत बसलो.”